कूलंट जातंय कुठे? तिसऱ्या आठवड्याची नोंद

गाडीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी झाल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा अधूनमधून लागत होता, म्हणून पातळी पाहायला कूलंटच्या टाकीवर कागदी टेप चिकटवली. तिच्यावर आता चार रेघा झाल्यात. प्रत्येक रेघ सकाळची, इंजिन गार असताना, गाडी सपाटीवर उभी करून मारलेली. पहिली आणि चौथी यांत बोटभर अंतर. म्हणजे दिवा खरंच बोलत होता.

आधी मीही सेन्सरवरच संशय घेतला. मानपाड्याला आमच्या बेसमेंटचा रॅम्प चढताना दिवा लागायचा, घोडबंदर रोडला आलो की विझायचा. टाकी उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. आत चुंबकाचा फ्लोट आहे. पातळी काठावर आली की चढावर कूलंट मागे सरकतं आणि फ्लोट खाली बसतो. एका गॅरेजात मात्र ‘सेन्सर बदला, तोवर पाणी टाका’ एवढंच सांगितलं. नळाचं पाणी ओतत राहिलं की आत क्षार धरतात, शिवाय कूलंट पातळ होऊन लवकर उकळतं.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही. हेड गॅस्केट (इंजिनाच्या आतलं सील) फुटून कूलंट ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये जात असेल ही भीती बरीच कमी झाली. डाव्या बाजूचं कार्पेटही कोरडं, तेव्हा केबिनच्या हीटरमधून कूलंट गळत असल्याचाही संशय नाही.

मग वागळे इस्टेटमधल्या मित्राकडून हातपंपाचा प्रेशर टेस्टर आणला. टाकीच्या झाकणावर 1.1 बार लिहिलंय, तेवढाच दाब भरला. संध्याकाळी इंजिन कोमट असताना काटा पंधरा मिनिटं हलला नाही. (तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो.) सकाळी गार इंजिनावर तोच दाब वीस मिनिटांत 0.8 वर उतरला! गार झाल्यावर प्लास्टिक आणि रबर आकसतात, तेव्हाच फट पडते. गाडी तापली की फट मिटते, आणि निसटलेला थेंब गरम धातूवर वाळून जातो. म्हणून खाली डाग कधी दिसलाच नाही.

आरसा आणि टॉर्च घेऊन शोधलं. थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपेच्या) प्लास्टिक हाउसिंगखाली गुलाबी खरपुडी सापडली, लोणच्याच्या बरणीच्या गळ्याला मीठ फुटतं तशी. नखाने खरवडली तर खाली ताजी ओल.

त्या हाउसिंगची ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) मागवली आहे. शनिवारी बसवून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं कूलंट भरून हवा काढणार आणि नवी टेप लावणार. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्येच काढायचं. ते चवीला गोड असतं आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल मांजरांना जीवघेणं. आमच्या पार्किंगमध्ये तीन मांजरं राहतात.