वर्कशॉपच्या सिंकपाशी : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात पाण्याच्या मोटारी आणि घरगुती गिझर दुरुस्त करण्यापासून झाली. दोन माणसे, हत्यारांची एक पेटी आणि भाड्याचा गाळा एवढेच भांडवल होते. गॅरेज आणि वर्कशॉपमधल्या सिंकसाठी छोटे गिझर बसवण्याचे काम आम्ही ठरवून पत्करले नाही. मोटार दुरुस्त करायला गेलो की कोणीतरी ग्रीसने काळे झालेले हात पुढे करून ‘यासाठी काही करता येईल का’ असे विचारी, आणि आम्ही घरच्याच हिशेबाने एखादा गिझर लावून देत असू. तो हिशेब इथे लागू पडत नाही हे उमगेपर्यंत पहिली दोन वर्षे आम्ही बऱ्याच तक्रारी ऐकून घेतल्या.

पहिली तक्रार टाकी नसलेल्या, म्हणजे पाणी वाहता वाहता तापवणाऱ्या गिझरची होती. आकाराने लहान, भिंतीवर सहज मावणारा, नळ सोडला की सुरू होणारा. आम्हाला तो अगदी योग्य वाटला. उन्हाळ्यात बसवला आणि सारे खूश होते. थंडी पडताच मालकांचा निरोप आला की पाणी जेमतेम कोमट येते. गिझरमध्ये दोष नव्हता, आमच्या गणितात होता. 3 किलोवॅटचा गिझर मिनिटाला 3 लिटर धारेचे तापमान सुमारे 14 अंशांनीच वाढवू शकतो. येणारे पाणी 26 अंशांचे असेल तर ते 40 पर्यंत जाते आणि हातांना तेवढे पुरते. तेच पाणी 12 अंशांचे असेल तर 26 च्या पुढे जात नाही आणि त्यात ग्रीस सुटत नाही. धार बारीक करावी, तर प्रवाह कमी झाला म्हणून गिझर स्वतःच बंद पडे. पाण्याचे थंडीतले तापमान थर्मामीटर बुडवून पाहिल्याशिवाय असा गिझर सुचवायचा नाही, हा नियम आम्ही त्यानंतर घालून घेतला. अधिक क्षमतेचा गिझर लावता येतो, पण 3 किलोवॅटलाच 230 व्होल्टवर 13 अँपिअर लागतात. त्यापुढे गेले की बोर्डापासून वेगळी आणि जाड वायर ओढावी लागते, आणि हात धुण्यापुरत्या पाण्यासाठी तो खटाटोप क्वचितच परवडतो.

टाकीच्या गिझरकडे वळल्यावर किती लिटरचा घ्यावा हा प्रश्न आला. वर्कशॉपमध्ये दिवसभर तुरळक वापर असतो, आणि काम सुटताना मात्र सगळे एकदमच सिंकपाशी येतात. हिशेब त्या दहा मिनिटांचा करायचा असतो. ग्रीसचे हात साबण लावून नीट धुवायला माणशी दोन ते अडीच लिटर कोमट पाणी लागते असे आम्ही बादली लावून मोजले आहे. 10 लिटर पाणी 60 अंशांवर तापलेले असेल आणि नळाचे 20 अंशांचे पाणी त्यात मिसळले, तर कागदावर 40 अंशांचे 20 लिटर पाणी मिळते. उपसा चालू असताना टाकीत थंड पाणी शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात 15 लिटर धरावे. सहा माणसांना तेवढे पुरते, आणि 2 किलोवॅटचे एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) रिकाम्या झालेल्या टाकीतले पाणी सुमारे 14 मिनिटांत पुन्हा तापवते. 25 लिटरचा गिझर मागणाऱ्या बहुतेकांना आम्ही 10 लिटरवर आणतो.

वीज वाचवण्यासाठी थर्मोस्टॅट (पाणी ठरलेल्या तापमानाला आले की वीज तोडणारे साधन) 40 वर ठेवावा, असे मात्र आम्ही कोणालाही सांगत नाही. 20 ते 45 अंशांच्या साठलेल्या पाण्यात लेजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू वाढतो. टाकीत 60 अंशच ठेवावेत. पण तेवढे गरम पाणी काही सेकंदांत हात भाजते, म्हणून नळापाशी थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लावावा.

गिझर सिंकच्या शक्य तितका जवळ हवा. एकदा मालकांच्या आग्रहावरून आम्ही तो 10 मीटर दूरच्या स्टोअररूममध्ये बसवला. अर्धा इंची पाइपात प्रत्येक मीटरला पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे हात पुढे धरून उभा असलेला माणूस आधी पावणेदोन लिटर थंड पाणी सोडून देई. महिनाभरात सगळे पुन्हा थंड पाण्यानेच हात धुऊ लागले.

सर्वांत धोक्याचा प्रकार एका लेथच्या वर्कशॉपमध्ये घडला. गिझर गळतो अशी तक्रार होती, आणि आम्ही फोनवरच ‘काही काळजी नको’ असे सांगून टाकले. पाणी तापताना प्रसरण पावते. 10 लिटरचे 20 वरून 60 अंशांवर जाताना सुमारे 150 मिलिलिटर पाणी वाढते, आणि पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे मागे जाता येत नसल्याने ते, जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोटीतून ठिबकते. हे आम्ही समजावून सांगितले नव्हते. पुढच्या भेटीत पाहतो तर त्या तोटीत टेफ्लॉन टेप गुंडाळलेला बोल्ट पाना लावून आवळलेला, आणि खालच्या फरशीवर जुन्या ठिबकण्याचा पांढरा क्षारांचा डाग. वीज बंद करून बोल्ट सैल केला तेव्हा पाण्याची चिळकांडी समोरच्या भिंतीपर्यंत गेली. कामगाराने आपल्या परीने गळती बंद केली होती. चूक आमची होती. आता आम्ही तोटीला नळी जोडून ती सिंकच्या निचऱ्यात सोडतो आणि बोल्टची ही हकिगत प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

जिथे पेट्रोल किंवा थिनर हाताळले जाते, तिथे गॅसचा गिझर आम्ही बसवत नाही, मग काम हातचे गेले तरी चालेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. विजेच्या गिझरमध्येही थर्मोस्टॅटचा संपर्क जुळताना-सुटताना ठिणगी पडू शकते, त्यामुळे सिंकखाली बसणारे सुटसुटीत मॉडेल अशा गॅरेजमध्ये आम्ही टाळतो आणि गिझर सिंकच्या वर, भिंतीच्या मजबूत भागावर लावतो. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर आधी ते काम करून घ्यायला सांगतो. क्षारयुक्त पाणी असेल तिथे वर्षातून एकदा एलिमेंट उघडून साफ करणे आणि अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली धातूची कांडी) तपासणे एवढी देखभाल पुरते.

आमच्या स्वतःच्या गाळ्यात मात्र दिव्याखाली अंधार होता. इतरांकडे गिझर बसवून परतलेली आमची माणसे कित्येक वर्षे थंड पाण्याने हात चोळत असत. शेवटी एका ग्राहकाने बदलून घेतलेला 6 लिटरचा जुना गिझर नवे एलिमेंट टाकून आमच्या सिंकवर चढवला. आम्ही आता पाच जण आहोत, आणि संध्याकाळी शेवटच्या माणसाला पाणी थोडे कोमटच मिळते.