चेन सारखी ढिली पडतेय? आधी स्प्रॉकेट बघा

मामांच्या चेनसॉची तक्रार एकच होती: चेन कितीही ताणा, ओंडका पुरा कापून होईपर्यंत ती पुन्हा बारखाली, म्हणजे ज्या लांब पट्टीभोवती ती फिरते तिच्याखाली, लोंबायला लागायची. इंदूरजवळच्या सिमरोलकडे असलेल्या त्यांच्या वाडीत पावसाळ्यात पडलेला कडुनिंब तसाच आडवा होता. एका दुकानातून सल्ला मिळाला, "नवी चेन टाका, झालं." मला यातलं काहीच येत नव्हतं, पण पैसे घालण्याआधी नक्की काय झिजलंय ते कळायला हवं होतं.

सुरुवात भुशापासून केली. धार असलेली चेन लाकडाच्या ढलप्या उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. आमच्याकडे पीठच पडत होतं आणि कापताना बार दाबावा लागत होता. ही चेन ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधल्या, म्हणजे कड्या जोडणाऱ्या पिनांमधल्या, अंतराचा अर्धा), तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. दोन्ही बाजूंचे दाते सारख्या लांबीचे राहतील अशा बेताने धार लावली. ढलप्या पडायला लागल्या, पण चेन ढिली पडायची ती पडतच राहिली. तिथे मला उमगलं की धार जाणं आणि झीज होणं हे दोन वेगळे आजार आहेत. कानशीने पहिला बरा होतो, दुसऱ्याचं मूळ आत शोधावं लागतं.

इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची कॅप काढली, जाड हातमोजे घातले आणि बारचं कव्हर उघडलं. इंजिनाचा जोर चेनला देणाऱ्या क्लचच्या ड्रमला लागून, या चेनसॉमध्ये, सात दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, आहे. चेनच्या खालच्या टोकदार कड्या त्याच्या दातांमध्ये बसतात आणि तेच चेनला ओढतं. चिंधीने तेलकट भुसा पुसला तेव्हा दिसलं: प्रत्येक दातावर चेनने चर पाडले होते.

मामा म्हणाले, "अरे, एवढ्याशा चाकाने काय होतंय?"

"मामा, इथे नख फिरवून बघा ना."

त्यांनी फिरवलं. नख अडकलं. व्हर्नियर या मोजपट्टीच्या खोली मोजायच्या काडीने चर मोजला तर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेलेली. साधारण तेवढी झीज झाली की स्प्रॉकेट बदलायचं असतं.

कारण समजून घेतलं आणि सगळं जुळलं. चेनचं आणि स्प्रॉकेटचं पिच एकच असावं लागतं. दात झिजले की कड्या जागेवर बसत नाहीत, हिसके खातात आणि तो मार रिव्हेटवर येतो. रिव्हेट आणि त्यांची भोकं झिजतात, म्हणून चेन लांबते. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर तीही लवकर लांबणार. उलट, लांबलेली चेन नव्या स्प्रॉकेटचे दात खाणार. आमच्या चेनच्या कड्यांची खालची टोकंही ठेचल्यासारखी झाली होती. म्हणजे दोन्ही बदलायला हवं होतं.

इंदूरच्या सियागंज बाजारात जाताना जुनी चेन आणि बार पिशवीत घेतले. चेन घेताना पिच, कडीची जाडी आणि कड्यांची संख्या, तिन्ही जुळावं लागतं. दुकानदाराने जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली. कड्या तेवढ्याच, पण जुनी जवळजवळ अर्धा सेंटिमीटर खाली आली होती. मामांना तिथे पूर्ण पटलं. बारची खोबण ठीक होती. फक्त कडांवरचे खवले घासून काढले.

स्प्रॉकेट बदलताना क्लच सोडवणं हेच मोठं काम. प्लगच्या भोकातून दोरी घालून पिस्टन अडवला. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. हे माहीत नसेल तर माणूस उलट आवळत बसेल. बाकी जोडणी सोपी आहे.

चेन थंड असतानाच ताणायची: बारखाली लोंबू नये, पण हाताने सहज सरकावी. नवी चेन सुरुवातीला थोडी सैल होतेच, तेव्हा पहिल्या काही कापांनंतर पुन्हा ताणली. मग बारचं टोक जुन्या वर्तमानपत्रासमोर धरून थोडा वेग दिला. कागदावर तेलाची रेघ उमटली, म्हणजे बारला तेल पोचतंय.

कडुनिंब आता कापून झालाय. मामांना मी आणखी एक चेन घ्यायला लावली. दोन्ही चेन आळीपाळीने याच स्प्रॉकेटवर चालवायच्या आणि त्या संपल्या की स्प्रॉकेटही त्यांच्याबरोबर काढायचं.