मुक्ताईच्या वाटेवर, बाराच्या उन्हात

मी भुसावळची, ख्रिस्ती. शेजारच्या आक्का दर माघात मुक्ताईला पायी जातात. आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. माघात मात्र खानदेशातल्या गावोगावच्या दिंड्या मुक्ताईनगरकडे आणि तिथून चांगदेव गावाला निघतात. ही वारी विजया एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत चालते, पण बाहेरच्यांना तिची फारशी खबर नसते. 2024 साली महाशिवरात्र 8 मार्चला आली. राखेचा बुधवार 14 फेब्रुवारीलाच होऊन गेला होता, म्हणजे ऐन लेंटचे, ईस्टरआधीच्या आमच्या उपासाचे दिवस. माझा उपास चालू होता, आक्कांची एकादशी दोन दिवसांवर होती. त्या म्हणाल्या, "घरी उपाशी बसून काय करशील? चाल ना माझ्यासोबत."

मी निघाले. गळ्यात टाळ नाही, डोक्यावर तुळस नाही. दिंडीच्या चोपदारांना आक्कांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "ही आपली येशूवाली." त्यांनी हात जोडून "या माउली" म्हटलं, विषय संपला. वारकऱ्यांच्या पंगतीत लेंट पाळणं फार सोपं. मटणाचा वास नाही, कांदा-लसूण नाही, आग्रह तेवढा भरपूर.

पहिला दिवस सरळ गेला. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी कितीतरी वेळ डाव्या-उजव्या बाजूला दिसत राहिली, तेवढाच काय तो कंटाळा. मुक्काम वरणगावला. रात्री कीर्तनात ताटीचा प्रसंग निघाला. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसले आहेत आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून दार उघडायला विनवते आहे. बाया डोळे पुसत होत्या. मला मात्र भलतंच आठवलं. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांपैकी अब्बा मोशे नवशिक्याला सांगतात: जा, आपल्या खोलीत बस, खोलीच तुला सगळं शिकवेल. मोशे आत बसायला सांगतात, मुक्ताई बाहेर बोलावते. खरं कुणाचं? सतरंजीवर पडल्या पडल्या हे डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वरणगाव सोडलं आणि ऊन चढलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं खानदेशचं ऊन बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. हायवेचं डांबर तापलेलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पण सावली सगळी बांधाच्या आत. दहा वाजेपर्यंत पाय चालत होते, त्यानंतर नुसता रस्ता चालत होता. दर थोड्या वेळाने मी मोबाइलवर वेळ बघायची आणि काटा जागेवरच असायचा.

त्या वेळी मला इव्हॅग्रियस आठवला. हा काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा माणूस, कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन, म्हणजे पाळकाच्या खालच्या पदावरचा चर्चसेवक होता. मोठं नाव होतं, पण एका विवाहितेच्या ओढीतून पळ काढून आधी यरुशलेमला गेला, मग मिसरच्या वाळवंटात. 399 साली वारला. त्याने माणसाला छळणाऱ्या विचारांची यादी केली आहे, एकूण आठ: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, मग हा दुपारचा कंटाळा, पुढे दिखाऊपणा आणि शेवटी गर्व. पश्चिमेकडच्या चर्चने पुढे याच यादीतून सात मोठी पापं घडवली. आठांपैकी सहाव्याला तो सगळ्यांत जड म्हणतो. हा भुताटकी विचार सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत मानगुटीवर बसतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा वाटतो. माणूस सारखा खिडकीबाहेर डोकावतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते मोजतो, घरची माणसं आठवतो. सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे वर्णन हायवेवर घाम पुसताना माझ्या मोबाइलसकट मला लागू पडत होतं.

पण इव्हॅग्रियसचं खरं कसब पुढच्या वाक्यात आहे. हा दुपारचा विचार 'तू आळशी आहेस, घरी जा' असं कधी म्हणत नाही. तो धार्मिक बोलतो. देवाला प्रसन्न करायला ही एकच जागा कशाला हवी, त्याची उपासना कुठंही करता येते की! योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात शोमरोनी बाईशी बोलताना येशूने म्हटलेलंच ना हे, या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही. मोह प्रभूचंच वाक्य उचलून आणतो.

माझ्याकडेही तो असाच आला. 'तू ख्रिस्ती बाई, दिंडीत काय करतेस? उद्या कुणी प्रसाद पुढे केला तर? चर्चमध्ये कळलं तर? घरी बसून मत्तयाचा चौथा अध्याय, वाळवंटात सैतान येशूला मोहात पाडायला बघतो तो, वाचलास तर जास्त बरं नाही का?' एकेक प्रश्न रास्त होता. प्रसादाचा प्रश्न तर पौलाच्या काळापासून चर्चने गंभीरपणे घेतला आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रातले अध्याय त्याच्यावरच आहेत, 'डिडाखे' नावाच्या जुन्या शिक्षणपुस्तिकेतही मूर्तींना वाहिलेल्या अन्नापासून जपण्याची ताकीद आहे. पण हे प्रश्न मला सकाळी सहाला पडले नव्हते. भुसावळला पिशवी भरतानाही पडले नव्हते. टाचेला फोड आल्यावर पडले. म्हणून मी त्यांचं उत्तर दुपारी द्यायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी पाय धुतल्यावरही ते उभे राहिले, तर बघू.

वाळवंटातले हे लोक आणि नव्या करारातला मोहाचा प्रसंग एकाच स्तोत्राला बांधलेले आहेत, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा नीट दिसलं. बायबलमधल्या 91 व्या स्तोत्रात भर दुपारी नाश करणाऱ्या आपत्तीचा उल्लेख आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे चक्क 'दुपारचं भूत' आहे आणि त्यावरूनच या विचाराला ते नाव पडलं. मंदिराच्या शिखरावर सैतान येशूला 'उडी टाक, देवदूत तुला झेलतील' म्हणतो, ते वचनही याच स्तोत्रातलं, पाचसहा ओव्यांनी पुढचं. दुपारच्या भुताला भिऊ नको सांगणारं स्तोत्रच सैतान तोंडपाठ म्हणतो! येशू उलट वाद घालत नाही. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं छोटं वचन सांगतो आणि जागचा हलत नाही. इव्हॅग्रियसने पुढे हाच धडा गिरवून एकेका विचाराला तोंड द्यायला शास्त्रवचनांचा एक अख्खा संग्रह केला.

माझ्यापुढे टाळकरी "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणत पावलं टाकत होते. भूतकाळ-भविष्यकाळाचा हिशेब नाही, तीन नावं आणि एक पाऊल. मी माझं म्हणत होते: प्रभू येशू, दया कर. ठेका त्यांचाच धरला. दुसरा कुठून आणणार?

आणि रात्रीचं कोडं तिथे थोडं सुटलं. मोशेची खोली आणि मुक्ताईचं उघडं दार एकमेकांच्या विरोधात नाहीत, असं मला वाटतं. दुपारचा विचार बरोबरच्या माणसांपासून तोडून नेतो. मुक्ताई भावाला माणसांत परत बोलावते. दिंडीत चालणाऱ्याची खोली म्हणजे त्याची रांग. ती सोडून रिक्षात बसायचं नाही, एवढंच तिथलं शिक्षण. आक्का मागे वळून म्हणाल्या, "काबरं वं, थकली का?" मी हो म्हटलं. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि काही उपदेश न करता चालू लागल्या.

मुक्ताईनगर आलं तेव्हा टाचेची पार वाट लागली होती. देवळाबाहेर गर्दी, रसवंत्या, फुगेवाले, गावोगावच्या पताका. आक्का दर्शनबारीला गेल्या. मी मांडवात बसले. पाय धुतले. प्रसादाचा प्रश्न अजून उभा होता, पण आता त्याच्यात ओरड नव्हती. आक्कांना सरळ सांगितलं की हातावर घेणार नाही. त्या म्हणाल्या, "मग माझ्या वाट्याचं केळं खा, ते बागेतलं आहे." खाल्लं.

शिवरात्रीला आम्ही चांगदेवला गेलो. तापी आणि पूर्णेचा संगम, काळ्या दगडाचं जुनं देऊळ. चौदाशे वर्षांच्या तपाचा अभिमान बाळगणारा चांगदेव आणि त्याचं कोरं पत्र बघून 'इतकं जगून कोराच राहिला' म्हणणारी पोरसवदा मुक्ताई, ही कथा तिथे पोराटोरांना पाठ. मी मात्र घाटावर उभी राहून बहिणीला फोनवर किती चाललो ते रंगवून सांगत होते. इव्हॅग्रियसच्या यादीतला सातवा, दिखाऊपणा, सहाव्याला हरवल्यावरच गाठतो. त्याला घालवायला जे कराल त्याचाच तो पुन्हा दिखावा करतो, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. आक्कांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं, आता माझा एक फोटो काढ. मागे संगम आला पाहिजे."