तुम्ही विचारलंत म्हणून: लिहून पुसलेली ओळ

ऑनलाइन समूहासाठी थेट गप्पांची सोय आखताना लोकांना नेमकं काय विचारता, असं मला बरेचदा विचारलं जातं. ‘तुम्हाला काय हवं?’ हे मी विचारत नाही. त्यावर सगळे सूचना सांगतात: इमोजी हवेत, आवाज हवा. मी विचारते, ‘काहीतरी लिहायला घेतलंत आणि न पाठवता पुसलंत, असं शेवटचं कधी झालं?’ मग थांबते. उत्तर यायला वेळ लागतो, पण खरं काम तिथेच सुरू होतं.

१९७३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकीय शिक्षण यंत्रणेवर टॉकोमॅटिक हा गप्पांचा प्रोग्रॅम आला. त्यात पाच जण एकाच वेळी बोलू शकत आणि प्रत्येक अक्षर टंकताक्षणी सगळ्यांना दिसे. अडखळणं, खोडणं, सगळं उघड्यावर. १९८८च्या आयआरसीमध्ये (इंटरनेट रिले चॅट, इंटरनेटवरच्या गप्पांची एक सोय) मात्र एंटर दाबल्यावरच पूर्ण ओळ पोचायची. विचार करायला आडोसा मिळाला, पण समोरचा लिहितोय की उठून गेलाय, हे कळेनासं झालं. ‘लिहीत आहे…’ ही खूण या दोन्हींच्या मधली वाट आहे.

ती खूण किती बोचते, हे मला दीर्घ आजार असलेल्यांच्या एका समूहात कळलं. एक बाई रोज वाचायच्या, लिहीत काहीच नसत. पुसलेल्या ओळीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मी लिहितेय हे सगळ्यांना दिसतं. मग सगळे वाट बघताहेत असं वाटतं, आणि हात थांबतो.” आमच्या नोंदींत त्या फक्त ‘निष्क्रिय सदस्य’ होत्या. आकड्यांवर विसंबलो असतो, तर त्यांना आणखी नोटिफिकेशन पाठवून आणखी घाबरवलं असतं.

समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात. पडद्यावर तीच फट मिनिटाची होते आणि तिचा अर्थ ज्याचा तो लावतो. ही फट एकट्या माणसाला खोलीत बसवून तपासता येत नाही. म्हणून मी आधीपासून एकमेकांना ओळखणारे पाच-सहा जण घेते, दोन आठवडे त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच वेळेला गप्पांच्या सोयीचा कच्चा नमुना वापरायला देते आणि रोज चार ओळींची डायरी मागते. कधी राहवलं नाही, कधी गप्प बसलात, एवढंच. पुसलेला मजकूर यंत्रात साठवून वाचावा, असं सुचवणारे भेटतात. त्याला माझा ठाम नकार असतो. जे पाठवलं नाही, ते त्या माणसाचंच आहे. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

त्या समूहात आम्ही ‘लिहीत आहे’ची खूण ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली. बाईंनी ती बंद केली. चौथ्या दिवशी रात्री उशिरा त्यांचा पहिला प्रश्न आला, झोपेबद्दलचा, दोन ओळींचा. सकाळपर्यंत तिघांनी उत्तरं लिहिली होती.