रात्री दोनच्या फोनवर कोण जाणार?

२०२१ साली अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या अर्थविभागात मी नोकरी करत होते. मिनिॲपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि ‘पोलिसांचं बजेट कापा’ ही मागणी त्यातूनच पुढे आली होती. पोलिसांच्या बजेटमधला काही हिस्सा मानसिक आरोग्याच्या फिरत्या पथकाकडे वळवायचा प्रस्ताव आमच्या काउन्सिलपुढे आला, आणि जाहीर सुनावणीत लोकांना उत्तरं द्यायला मला बसवलं. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. लाल दिवा लागला की माईक बंद.

सुरुवातीचे आक्षेप नेहमीचेच. घरात चोर शिरला तर समुपदेशक पाठवणार का? नाही हो, पोलिसच येणार. पण ९११ या आणीबाणीच्या नंबरवर हिंसक गुन्ह्यांचे फोन थोडे असतात. शेजाऱ्यांचा गोंगाट, गाडीला गाडी घासली, कोणी रस्त्यात एकटाच बडबडतोय, असलेच जास्त. मग एकाने विचारलं, निःशस्त्र माणसं मार खातील त्याचं काय? ओरेगनमधल्या यूजीन शहरात १९८९ पासून अशी पथकं शस्त्राविना फिरत होती आणि त्यांना पोलिसांची कुमक क्वचितच मागवावी लागे. उलट न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मार्च २०२० मध्ये मानसिक तोल गेलेल्या डॅनिएल प्रूडच्या भावाने मदतीसाठीच ९११ ला फोन केला होता. पोलिसांनी प्रूडच्या डोक्यावर जाळीची टोपी चढवून त्याला जमिनीवर दाबून धरलं. आठवड्याभरात तो गेला.

‘बजेट कापलं म्हणून खून वाढले’ हेही आलंच. २०२० मध्ये देशभरात खून सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, पण बजेट वाढवलेल्या शहरांतही वाढले. आणि ऑस्टिनच्या ज्या १५ कोटी डॉलरच्या कपातीचा एवढा गाजावाजा झाला, तिचा मोठा भाग नुसता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकला होता. (बजेटमध्ये हे कसं करतात ते मला विचारा!)

इथवर सगळं तयारीप्रमाणे चाललं होतं. मग पन्नाशीच्या एक कृष्णवर्णीय बाई उठल्या. हातातल्या टाइप केलेल्या कागदाची घडीसुद्धा त्यांनी उघडली नाही. ‘माझ्या भाच्याच्या खुनाचा तपास अजून लागत नाही. डिटेक्टिव्ह फोन उचलत नाही. आणि तुम्ही त्यांचेच पैसे कमी करताय?’

यावरचं उत्तर माझ्या फाइलमध्ये होतं: किरकोळ फोन पोलिसांकडून काढून घेतले की तपासाला वेळ मिळेल. ऐकायला छान आहे. पण गस्त आणि तपास ही बजेटमधली वेगळी खाती, माणसंही वेगळी. गस्तीवाल्याचा तास वाचला म्हणून डिटेक्टिव्हच्या टेबलावरची फाइल हलत नाही. मी ते उत्तर दिलंच नाही. ‘तपासाला माणसं हवीत तर वेगळी तरतूद लागेल, आणि ती या प्रस्तावात नाही,’ एवढंच म्हणाले. प्रस्ताव मांडणाऱ्या सदस्याने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स.

बाई म्हणाल्या, ‘मग घाला की.’ दिवा अजून हिरवाच होता.

त्या वर्षी नोव्हेंबरात मिनिॲपोलिसच्या सुमारे ५६ टक्के मतदारांनी पोलीस खात्याच्या जागी नवं खातं आणायचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. पोलिसांचा जाच सोसणाऱ्या वस्तीलाच पोलिसांची गरजही सर्वांत जास्त असते. तिथे ‘आधी कापू, मग बघू’ चालत नाही.

आमचा प्रस्ताव मंजूर झाला, पण बराच छाटून. तपासाची तरतूद पुढच्या वर्षावर ढकलली. रात्रपाळीला पैसे पुरले नाहीत, म्हणून पथकाची व्हॅन फक्त दिवसा. रात्री दोनला कोणी बिथरलं, तर जाणार पोलिसांचीच गाडी.