काचेवरची काजळी आणि माझं महिनाभराचं पेलेटपुराण

गेला महिनाभर आमच्याकडे सकाळचं पहिलं काम ठरलेलं, पेलेट स्टोव्हची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या छोट्या कांड्या (पेलेट) जाळून घर गरम करणाऱ्या शेगडीची, काच पुसणं. रात्री झोपताना लख्ख केलेली काच सकाळी बघावी तर काळीकुट्ट, आत ज्योत आहे की विझलीये तेही कळायचं नाही. आधी मनाची समजूत घातली की आग म्हटली की काजळी आलीच, त्यात काय एवढं. पण मागच्या सिझनला हाच स्टोव्ह तीन-तीन दिवस काच न पुसता चालायचा आणि काचेवर जमायची ती फिक्कट राखाडी धूळ, कोरड्या फडक्याने एका हातात निघणारी. आता जमत होती ती मखमलीसारखी काळी काजळी, बोट लावलं की बोट काळं आणि ते बोट चुकून ज्याला लागेल तेही काळं.

आता मागे वळून बघताना वाटतं की पहिल्याच दिवशी ज्योतीकडे पाच मिनिटं नीट बघत बसलो असतो तर अर्धा महिना वाचला असता. स्टोव्ह बरा चालत असला की ज्योत तोकडी, पिवळी-पांढरी आणि चपळ असते, तिच्यातून बारीक ठिणग्या उडत असतात. माझी ज्योत लांबुळकी, गडद नारिंगी, आळसावल्यासारखी डुलत होती आणि टोकाला काळ्या धुराची शेपटी. याचा अर्थ एकच, जळण जास्त आणि हवा कमी. लाकडातला कार्बन पुरता जळायला ऑक्सिजन मिळाला नाही की तो तसाच वर जातो आणि जिथे थंड जागा मिळेल तिथे बसतो, काच, आतल्या भिंती, पाइप, कुठेही. हे मला पुस्तकी माहीत होतं बरं का, पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक असतो.

तर मी काय केलं, सगळ्यात आधी पेलेटना शिव्या घातल्या. ते सोपं असतं, आपल्याला काही उघडावं लागत नाही. आणि अगदीच चूक होतं असंही नाही, कारण माझ्या पिशव्या जमिनीवरच रचलेल्या होत्या आणि खालच्या दोन पिशव्यांना ओल धरली होती. पेलेट म्हणजे शेवटी दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा, ओल मिळाली की फुगतो आणि मोडतो. चांगला पेलेट दोन बोटांत धरून मोडला की कट्‌कन आवाज येतो, दमट असला की नुसता भुगा होतो. चांगल्या दर्जाच्या पेलेटमधे पाणी १० टक्क्यांच्या आत लागतं, ईएनप्लस ए१ असा युरोपातला दर्जाचा शिक्का असेल तर राख ०.७ टक्क्यांच्या वर जाता कामा नये असा नियमच आहे. मी पिशव्या फळीवर चढवल्या, हॉपर, म्हणजे स्टोव्हमधली पेलेट भरायची टाकी, रिकामा करून तळाचा भुसा काढला, तो तर ओंजळभर निघाला, आणि हा भुसा पेलेट जळतात त्या भांड्यात एकदम पडला की त्याची भोकंच बुजवतो. नवीन कोरडे पेलेट घातले. फरक पडला का, पडला, थोडासा. काच सकाळऐवजी दुपारी काळी व्हायला लागली.

मग सफाई. इथे मी जो गाढवपणा केला तो सांगतोच, म्हणजे दुसऱ्या कुणी करू नये. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर लावला. राख थंड होती, ते तरी नशीब, कारण राखेत एखादा निखारा चोवीस तासांनीसुद्धा जिवंत असू शकतो आणि तो व्हॅक्युमच्या पिशवीत गेला की पुढचं बोलायला नको. पण काजळी इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून आरपार जाते, मी पुढून ओढतोय आणि मागून मशीन खोलीभर काळा फवारा मारतंय, आणि हे मला कधी कळलं तर मुलीने दारातून विचारलं की बाबा तुमच्या नाकाला काय झालंय. राखेसाठी वेगळा व्हॅक्युम मिळतो, धातूची टाकी आणि बारीक फिल्टरवाला, तो घ्यावा. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, डबा घराबाहेर.

बरं, बर्न पॉट. म्हणजे ते छोटं भोकांचं भांडं ज्यात पेलेट पडतात आणि जळतात. मी ते रोज खरवडत होतो आणि मला वाटत होतं की साफ आहे. एक दिवस बाहेर काढून उजेडाकडे धरलं तर निम्मी भोकं बंद! वरून दिसत नाही, आतून राखेचा काचेसारखा कडक थर बसलेला असतो, राख वितळून गोठली की असे खडे होतात, आणि ते साध्या खरवडणीने जात नाहीत. भोकाच्या मापाचं ड्रिल बिट हातानेच फिरवत एकेक भोक मोकळं केलं. आणि भांडं परत बसवताना लक्षात आलं की ते किंचित तिरकं बसतंय. खाली बोट फिरवलं तर हरभऱ्याएवढा एक खडा. एवढ्याशा खड्यामुळे भांडं एका बाजूने दोन मिलिमीटर उचललेलं, म्हणजे खालून येणारी हवा भोकांतून पेलेटमधे जायच्याऐवजी त्या फटीतून कडेकडेने वर पसार. पंखा पूर्ण ताकदीने चालू आणि आग मात्र उपाशी. हा खडा मी फेकला नाही, अजून खिडकीत ठेवलाय.

त्या दिवशी ज्योत मस्त झाली. दोन दिवस मस्त होती. तिसऱ्या दिवशी परत ये रे माझ्या मागल्या.

मग दाराचं गास्केट. दाराची फट बंद करणारं, दोरीसारखं फायबरग्लासचं असतं ते. मी आधी कधी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं कारण माझा हिशोब असा की दारातून धूर बाहेर येत नाही म्हणजे दार टाइट आहे. हा हिशोब साफ चुकीचा! पेलेट स्टोव्हमधे धूर बाहेर खेचणारा पंखा असतो, त्यामुळे आग जळते त्या पेटीच्या आत दाब खोलीपेक्षा कमी असतो, म्हणजे फट असली तर धूर बाहेर येत नाही, खोलीतली हवा आत जाते. आणि ती हवा भांड्याखालून जायच्याऐवजी दाराच्या फटीतून फुकट आत शिरते. म्हणजे गळती आहे पण दिसत काहीच नाही, फक्त ज्योत आळसावते. तपासायची पद्धत सोपी आहे, स्टोव्ह थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची, अडकली पाहिजे. चारी बाजूंनी केलं. तीन बाजूंना कागद फाटायला आला आणि बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात अलगद सुटून हातात. राखेच्या ट्रेच्या दाराचंही तसंच निघालं, ते दार तर लोक विसरूनच जातात.

नवी दोरी आणली, त्याच जाडीची. जुना गोंद खरवडायला दोन तास गेले, तेच खरं काम, दोरी बसवणं दहा मिनिटांचं. एक गोष्ट, बसवताना दोरी ताणायची नाही, ताणली की बारीक होते आणि परत तीच फट. मी अर्थातच पहिल्यांदा ताणली.

यानंतर परिस्थिती बरीच सुधारली, पण रोज संध्याकाळी एक-दोन तास ज्योत पडायची आणि मग आपोआप सुधारायची. याचं काही केल्या गणित सुटेना. मी कंट्रोल बोर्डाला दोष द्यायच्या तयारीत होतो. बायको म्हणाली, अरे मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला की होतंय ते, तुझ्या लक्षात नाही आलं का. नव्हतं आलं. आमचा स्टोव्ह जळणासाठी हवा खोलीतूनच घेतो आणि घर सगळं बंद करून बसलेलं, एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो, म्हणजे दोन पंखे एकाच हवेसाठी ओढाताण करतायत आणि जो मोठा तो जिंकतो. एक्झॉस्ट चालू ठेवून खिडकी दोन बोटं उघडली, अर्ध्या मिनिटात ज्योत उभी राहिली. बघत बसावं असं दृश्य होतं ते. यावर पक्का इलाज म्हणजे बाहेरची हवा थेट स्टोव्हला आणणारा पाइप, तो यादीत आहे. आणि मागच्या बाजूला हवा आत जायच्या तोंडाशी जी जाळी असते ती बघायला गेलो तर ती दिसेचना, वर मांजराच्या केसांची गोधडीच विणली गेली होती. आमचं मांजर तिथेच झोपतं, ऊब असते ना.

एवढं सगळं करून झाल्यावर मी खुशीत होतो, आणि एका पहाटे स्टोव्ह स्वतःहून बंद. आतला व्हॅक्युम स्विच, म्हणजे पेटीत पुरेशी ओढ नसली की पेलेट टाकणं थांबवणारा सुरक्षेचा स्विच, त्याने काम केलं होतं. काही लोक हा स्विच वायर जोडून बायपास करतात, कृपा करून करू नका, तो बोंबलतोय कारण खरंच काहीतरी तुंबलंय. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तेव्हा कळलं. मी आत्तापर्यंत फक्त जे दिसतं ते साफ केलं होतं. आगीमागच्या विटांसारख्या दिसणाऱ्या पाट्या निघतात, आणि त्यांच्या मागे धूर जायच्या वाटेवर राख साठायचे कप्पे असतात, हे मॅन्युअलच्या मधल्या पानावर चित्रासकट दिलेलं आहे, मी ते पान उघडलं नव्हतं. पाट्या काढल्या, रबरी हातोड्याने मागच्या भिंतीवर हलकेच ठोकलं, आणि आतून सर्रर्र आवाज करत राख खाली आली. थांबेचना. ठोकलं की सर्रर्र. अर्धी बादली निघाली.

मग हिंमत करून धूर ओढणारा ब्लोअर काढला, प्लग आधी काढून अर्थातच. त्याची पाती म्हणजे छोट्या पळ्यांसारखी वाकलेली असतात, त्या प्रत्येक पळीत काजळी ठासून भरलेली, पाती जवळजवळ सपाट झालेली. असा पंखा फिरतो तितक्याच वेगाने, आवाजही तोच, पण हवा ओढत नाही. म्हणून मी कान देऊन ऐकायचो आणि म्हणायचो पंखा ठीक आहे. कमी हवेमुळे काजळी, काजळी पंख्यावर बसल्यामुळे आणखी कमी हवा, असं ते चक्र वाढतच जातं. ब्रशने साफ केला, परत बसवताना त्याच्याखालचं गास्केट नवीन टाकलं. बाहेरच्या पाइपच्या टी-जोडाचं झाकण काढलं, तिथेही टमरेलभर.

पाइपवरून आठवलं, बऱ्याच मॅन्युअलमधे पाइपच्या लांबीचा एक हिशोब असतो, आडवा पाइप फुटाला १, उभा फुटाला अर्धा, आणि प्रत्येक काटकोनाचे किंवा टी-जोडाचे ५. बेरीज १५ च्या वर गेली की ३ ऐवजी ४ इंची पाइप घ्या म्हणतात. आमचा आडवा ३ फूट, उभा ६ फूट, एक काटकोन आणि एक टी, म्हणजे १६. पाइप मात्र ३ इंची. म्हणजे बसवल्यापासूनच आमचा स्टोव्ह काठावर पास होणाऱ्या पोरासारखा, सगळं स्वच्छ असेल तर चालतो, जरा काही तुंबलं की नापास. ज्यांनी बसवला त्यांना विचारलं तर म्हणाले एकाने काय होतंय. असो. उन्हाळ्यात बदलून घेणार.

हे करताना एक सवयही बदलली. पेलेट वाचवायचे म्हणून मी रात्रभर एकदम मंद ठेवायचो, मंद आच म्हणजे पेटी थंड आणि काजळी जास्त. आता रोज अर्धा तास मोठ्या आचेवर चालवतो. आणि पेलेट टाकायचं प्रमाण मेनूमधून एक पायरी कमी केलं, पण हे सगळ्यात शेवटी, सफाई झाल्यावर. आधी केलं असतं तर दुखणं झाकलं गेलं असतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आधी तो लावा, बाकी सगळं नंतर. जी हवा कमी पडल्याने काजळी होते त्याच कारणाने हा वायूही होतो आणि त्याला वास नसतो. पेटीत ओढ असली तरी ब्लोअरच्या पुढच्या पाइपमधे उलट दाब असतो, त्यामुळे पाइपच्या जोडावर बाहेरून काळा डाग दिसला तर तिथून धूर खोलीत येतोय असं समजा आणि स्टोव्ह बंद करा.

आज चौथा दिवस, काच पुसलेली नाही. पातळ राखाडी साय आलीये, आरपार ज्योत दिसतेय, तोकडी आणि चपळ. मागची जाळी सकाळी साफ केली, आणि आत्ता हे टाइप करताना बघतोय तर मांजर परत तिथेच जाऊन पसरलंय, जाळीपासून वीतभर अंतरावर.