हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की माझ्या टपालाच्या पिशवीत पत्रांच्या जोडीला अंगठ्याचं यंत्र येतं. मी सिंधुदुर्गातल्या एका शाखा डाकघरात डाकसेवक आहे. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले हल्ली आम्ही घरी जाऊन काढून देतो. सत्तर रुपये फी. आधार क्रमांक टाकायचा, अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की झालं.

नेव्हीवाल्या आजोबांचा अंगठा मात्र यंत्राने कधीच सरळ घेतला नाही. गेल्या वर्षी सात वेळा टेकवला. खोबरेल चोळलं, ओल्या फडक्याने पुसलं, तरी नाही. "झिला, ह्यो अंगठो बॉयलरान खाल्लो," ते म्हणाले. "मी हय तुझ्यासमोर बसलंय मां? तसा लिव तेंका." शेवटी चेहऱ्यावरून दाखला काढला. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. त्यांनी आधी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, पाठ ताठ केली आणि हुकूम ऐकल्यासारखी एकदाच पापणी मिटून उघडली.

यंदा श्रावणात ते गेले. पंच्याऐंशी वर्षांचे होते. परवा गेलो तो आजींच्या दाखल्यासाठी.

आजोबा 1958 साली नौदलात गेले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं काम शिकले आणि स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी झाले. वीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी जहाजाच्या पोटात. 1971 च्या युद्धात ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. त्या जहाजाच्या बॉयलरच्या ड्रमांना तडे गेले होते. वेल्डिंगने भरून येणारे नव्हते, नवे ड्रम विलायतेहून यायचे होते. तरीही कमी दाबावर बॉयलर पेटवून विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली आणि 4 डिसेंबरला तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी आताच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. मी एकदा विचारलं होतं, विमानं उडताना कशी दिसायची? ते म्हणाले, आम्ही एकही पाहिलं नाही. विमान फेकणाऱ्या कॅटापल्टला वाफ लागायची, ती आमच्याच बॉयलरची. वाफेच्या दाबाचा काटा झपकन खाली आला की समजायचं, एक गेलं. पुन्हा खाली आला की दुसरं. गेलेली अशी मोजता यायची. परत आलेली मात्र वरून कोणी सांगितलं तरच कळायची.

हे सांगताना त्यांचं बोट हवेत काट्यासारखं खाली यायचं. 2014 साली मुंबईत दारूखान्याच्या जहाजतोडणीच्या धक्क्यावर विक्रांत मोडायला घेतली, ती बातमी त्यांनी पेपरातून कापून ठेवली होती.

परवा आजी ओटीवर बसल्या होत्या. माझ्या पोटात गोळा होता, कारण फॅमिली पेन्शनच्या कागदात नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी बाईमाणसाचे महिनेच्या महिने जातात. मी स्वतः पाहिलंय, दोन घरांत. पण आजींचं सगळं चोख होतं. नौदलाच्या जुन्या कागदात त्यांचं माहेरचं नाव पडलं होतं. ते आजोबांनी दहा वर्षांपूर्वीच, ओरोसच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एसटीने खेपा घालून, दुरुस्त करून आणलं होतं. जोडफोटो, बँकेचं पुस्तक, आधार, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, वर त्यांच्या अक्षरात आजींचं पूर्ण नाव. दोन मुली आणि मुलगा मुंबईला. आपल्यामागे हिला कोणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, एवढं त्यांनी बघून ठेवलं होतं. मी आजोबांची लढाई पुष्कळांना सांगतो, पण ही पिशवीही सांगायला हवी असं मला परवा फार वाटलं.

आजींचा अंगठा पहिल्याच झटक्यात लागला. मी यंत्र आवरायला लागलो तर म्हणाल्या, "बस रे, च्या घे." आणि आतून पत्र्याचा डबा आणला. डब्यात आंतर्देशीय पत्रं. पाठवणाऱ्याच्या जागी जहाजाचं नाव, खाली फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठल्या पाण्यात आहे ते पत्त्यात कधीच नसायचं.

आजींना वाचता येत नाही. त्या काळी पत्र आमच्याच डाकघराचा पोस्टमन वाचून दाखवायचा. मग परक्याच्या तोंडून ऐकायला येणार म्हणून आजोबा लिहीत ते भाताचं, गाईचं, मनीऑर्डरचं. पण प्रत्येक पत्राच्या तळाशी उभ्या रेघा होत्या, बारीक, ओळीने. मला काही उलगडेना. रजेवर यायला जितके दिवस उरले तितक्या रेघा, आजींनी सांगितलं. दिवेलागणीला त्या चुलीतल्या कोळशाने रोज एक खोडायच्या. पत्र यायला लागलेले दिवस आधीच वजा करून आजोबा रेघा मारत. शिक्क्यावरची तारीख बघून मी दोन पत्रांचा हिशोब करून पाहिला, तो जमत होता.

डिसेंबर 71 चं पत्र त्यांनी वेगळं काढलं. तळाची जागा कोरी. पोस्टमनने सगळं खुशाल आहे म्हणून वाचलं होतं. आजी म्हणाल्या, त्याचं वाचून व्हायच्या आधीच मी कागद हिसकून घेतला आणि खाली बघितलं.

मी ते पत्र जपून घडी घालून परत दिलं. सत्तावीस वर्षं टपाल वाटतोय, कागदाला असा हात लावायची वेळ क्वचित येते. मग त्यांनी त्याच्या पुढचं पत्र उघडलं, 72 च्या मार्चमधलं. रेघा होत्या, अकरा. सात कोळशाने खोडलेल्या, चार तशाच निळ्या.

"ह्यो चार रवल्यो कशे?" मी विचारलं.

आजींनी त्या रेघांवरून अंगठा फिरवला.

"चार दिस आदीच इले ते."